एका रुपयाची मंजुरी

कायदेमंडळाच्या कारभारात एक रुपया ही मोठी चमत्कारिक रक्कम आहे. बाजारात तिला आज शेंगदाण्यांची पुडीदेखील मिळत नाही. परंतु अंदाजपत्रकाची चर्चा चालू असता एखादा सभासद उभा राहून ‘अमुक खात्याची मागणी कमी करून ती एक रुपया करावी’ अशी सूचना मांडतो, तेव्हा तिचे वजन लक्षावधी रुपयांहून अधिक भरते. मागणीतून शंभर रुपये कमी करा, असे म्हटले तर त्याचा अर्थ, माझी एक तक्रार आहे ती ऐका, इतकाच. अमुक एक मोठी रक्कम कमी करा, असे म्हटले तर त्याचा अर्थ, खर्च फार होतो, काटकसर करा. पण मागणी एका रुपयावर आणा, याचा अर्थ तुमचे सारे धोरणच आम्हांस नापसंत आहे, असा होतो. शून्य न म्हणता एक रुपया म्हणावयाचे, हा सभागृहाच्या सभ्यतेचा भाग. नकोशा पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा, पण बसा म्हणू नये, तशातला हा प्रकार आहे.

असा एक रुपया १९४६ साली दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीने हिंदुस्थान सरकारच्या एका खात्याच्या पदरात टाकला. त्या खात्याचे नाव ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’. त्याचे ठाणे आपल्या मुंबईत होते. सरकारची बाजू लोकांस पटवून देणारे लघुपट आणि वार्तापट तयार करावयाचे व ते देशभरच्या चित्रपटगृहांतून दाखवावयाचे, हे त्याचे काम. मंजुरी एका रुपयावर आल्यावर खाते मोडले. आणि मग दोन वर्षे पुरी होतात न होतात तोच, ज्या पक्षाला हे खाते डोळ्यांसमोर नको होते त्याच पक्षाच्या सरकारने तसेच खाते, त्याच मुंबईत, नव्या नावाने पुन्हा उभारले. हा पालट कसा झाला, त्यात कोणाचे चुकले आणि कोणाचे बरोबर होते, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. सरकारने लोकांच्या पैशाने आपलीच प्रसिद्धी करावी काय, आणि करावयाची तर तिचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न या हकीकतीच्या मुळाशी आहे.

सरकारी प्रसिद्धी म्हणजे काही युद्धकाळातले नवे खूळ नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातच हिंदुस्थान सरकारने एक मध्यवर्ती प्रसिद्धिमंडळ नेमले होते, आणि पुढे त्यातूनच सरकारचे माहितीखाते आकारास आले. परंतु आपल्या कथेतील चित्रपटखात्याची वंशावळ पाहावयाची तर आधी लंडनला जावे लागते.

तेथे १९२६ साली ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ नावाचे एक मंडळ स्थापन झाले. त्याच्या जन्माची कथा मौजेची आहे. साम्राज्यातील देशांना त्यांच्या मालावर जकातीची सवलत देण्याचे वचन ब्रिटिश सरकारने दिले होते. पण अन्नावर कर बसवून ते महाग करणे इंग्लंडच्या मतदारांस रुचेना. तेव्हा जकातीची सवलत नाही तर नाही, तिच्याऐवजी वर्षाला दहा लक्ष पौंड खर्चून साम्राज्यातील माल लोकांनी आपखुशीने घ्यावा असा प्रचार करू, अशी तडजोड निघाली. म्हणजे जे काम कायद्याने करण्याचे धैर्य झाले नाही ते जाहिरातीने करावयाचे! या मंडळाचे प्रवर्तक वसाहतमंत्री लिओ एमरी. त्यांचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. मंडळाचे चिटणीस सर स्टीफन टॅलेंट्स हे मोठे कल्पक गृहस्थ होते. त्यांनी उत्तम चित्रकारांकडून भित्तिपत्रके काढवून घेतली आणि ती लावण्यासाठी गावोगाव खास चौकटी उभारल्या. १९२७ च्या नाताळात खुद्द बादशहांच्या मुदपाकखान्यातील पुडिंगची कृती प्रसिद्ध करण्यात आली. तिच्यातील प्रत्येक जिन्नस साम्राज्यातल्या कोणत्या ना कोणत्या देशातून आलेला. त्या पक्वान्नात हिंदुस्थानच्या वाट्याला मसाला आला होता. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, मंडळाचा सारा पैसा भिंती रंगविण्यात गेला नाही. त्याचा मोठा भाग शेतीविषयक शास्त्रीय संशोधनावर खर्च झाला.

याच टॅलेंट्सांनी जॉन ग्रिअर्सन नावाच्या एका स्कॉटिश तरुणाला हाताशी धरले. हेरिंग मासळी पकडणाऱ्या कोळ्यांच्या जीवनावर ग्रिअर्सनने १९२९ साली ‘ड्रिफ्टर्स’ हा मूकपट काढला. त्यात नट नाहीत, नटी नाही, कथानक नाही. समुद्र, जाळी आणि घाम गाळणारी माणसे. आपण ज्याला अनुबोधपट म्हणतो त्या प्रकाराची ब्रिटनमधील परंपरा येथून सुरू झाली. जगातील एक मोठी कला सरकारी जाहिरातीच्या पैशावर वाढली, ही गोष्ट सरकारी प्रसिद्धीची टवाळी करणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, विसरू नये. १९३२ च्या ओटावा परिषदेत जकातीची सवलत प्रत्यक्षच मिळाली, तेव्हा तिच्या बदल्यात आलेल्या मंडळाचे प्रयोजन संपले, आणि १९३३ साली ते बंद झाले. त्याचे चित्रपट-पथक टॅलेंट्सांनी आपल्याबरोबर टपालखात्यात नेले. त्या पथकात शिकून तयार झालेल्यांपैकी एक अलेक्झांडर शॉ. हे शॉसाहेब १९४० साली मुंबईस उतरले, आणि येथून आपली कथा आपल्या घरी येते.

दुसरे महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटत आले होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. देशातील लोकप्रतिनिधींना त्यांनी विचारलेसुद्धा नाही. त्या निषेधार्थ प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अशा स्थितीत लोकांनी युद्धास साह्य करावे असे वाटत असेल तर त्यांची समजूत पाडणे भाग होते, आणि निरक्षर देशात समजूत पाडण्याचे साधन म्हणजे पडदा. तेव्हा १९४० साली मुंबईत ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ स्थापन झाले. आता पाहा, यावेळी लंडनमध्ये भारतमंत्री कोण होते? तेच लिओ एमरी. १९२६ साली साम्राज्याचा माल खपविणारे गृहस्थ १९४० पासून १९४५ पर्यंत साम्राज्याचे युद्ध खपविण्याच्या जागी बसले होते.

बोर्डाचे अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया. ‘हंटरवाली’ काढणाऱ्या कंपनीचे मालक सरकारी प्रचाराच्या गादीवर कसे, असे कोणास वाटेल. पण वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी होते, आणि फॅसिझमचा पाडाव हे पहिले कर्तव्य, अशी रॉयपंथीयांची प्रामाणिक श्रद्धा होती. शॉसाहेबांचा मुक्काम येथे फार दिवस झाला नाही. त्यांच्यामागून मुख्य निर्मात्याची जागा व्ही. शांतारामांकडे आली. प्रभातचे शांताराम, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ यांचे दिग्दर्शक, सरकारी प्रचारखात्यात! १९४२ साली हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांची ती कथा लोकांच्या मनात ताजी होती. मला यात विसंगती दिसत नाही. हिटलरचा विजय व्हावा असे कोणत्याही शहाण्या माणसास वाटत नव्हते. पण त्याच्याशी लढण्याचे आवाहन आपल्याला गुलाम ठेवणाराच करीत होता, ही अडचण. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले, त्यानंतर स्वाभिमानी माणसाला ती खुर्ची उबदार राहणे शक्यच नव्हते. शांताराम त्या कामातून बाहेर पडले, आणि बोर्डही गुंडाळण्यात आले.

१९४३ साली सरकारने सल्लागार मंडळाचा आडपडदा काढून टाकून थेट आपले खाते उघडले. तेच ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’. त्याचे प्रमुख एझरा मीर, आणि जोडीला ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट. परंतु चित्रपट तयार करणे निराळे आणि तो लोकांनी पाहणे निराळे. चित्रपटगृहांचे मालक हे लघुपट घेण्यास नाखूश होते. तेव्हा भारत संरक्षण नियमांत ‘४४ अ’ हा नवा नियम घालण्यात आला. त्याअन्वये प्रत्येक खेळात सरकारने पसंत केलेले दोन हजार फुटांपर्यंतचे चित्रपट दाखविणे मालकावर बंधनकारक झाले. बोलपटाची फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. या हिशेबाने ही सक्ती सुमारे बावीस मिनिटांची झाली. शिवाय या लघुपटांचे भाडेही मालकानेच भरावयाचे होते. पाहुणा बळेच घरात शिरला, जेवला, आणि जाताना दक्षिणाही मागून घेऊन गेला.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. ही सक्ती सुरू झाली ती १९४३ च्या सप्टेंबरात. त्याच वेळी बंगालमध्ये काय चालले होते? लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती. कलकत्त्याच्या पदपथांवर प्रेते पडत होती, आणि सरकार त्या प्रांतात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करण्यास तयार नव्हते. ते दृश्य देशाला आणि जगाला प्रथम दिसले ते सरकारच्या बावीस मिनिटांतून नव्हे. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ या इंग्रजांच्या मालकीच्या पत्राने, त्याचे संपादक इयन स्टीफन्स यांच्या धैर्यामुळे, २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात उपासमारीची छायाचित्रे छापली, म्हणून ते दिसले. देशातील प्रत्येक पडदा हुकमाने ताब्यात घेण्याचे सामर्थ्य ज्या सरकारजवळ होते, त्याने लोकांस सर्वांत अगत्याची बातमी दिली नाही. प्रसिद्धिखात्याला जेव्हा ‘माहितीखाते’ असे नाव दिलेले आढळते, तेव्हा हा एक महिना मला हटकून आठवतो.

युद्ध संपले. १९४५ च्या अखेरीस मध्यवर्ती असेंब्लीच्या निवडणुका झाल्या आणि काँग्रेस हा तेथील सर्वांत मोठा पक्ष झाला. १९४६ च्या अंदाजपत्रकी अधिवेशनात माहितीखात्याच्या चित्रपटांचा खर्च मंजुरीस आला, तेव्हा असेंब्लीने त्याला तो एक रुपया दिला. सभासदांच्या मनातील भावना ओळखण्यास फारसे तर्कशास्त्र नको. ज्यांतील कित्येकजण नुकतेच तुरुंगातून सुटून आले होते, त्यांनी आपल्याला तुरुंगात घालणाऱ्यांच्या स्तुतिपाठकांना लोकांच्या करातून पगार का द्यावा?

परंतु या मतदानातील खरी गोम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या असेंब्लीला सरकार पाडण्याचा अधिकार नव्हता. व्हाइसरॉयचे मंडळ तिला जबाबदार नव्हते. फेटाळलेली रक्कम आवश्यक आहे असे ठरवून ती परत घालण्याचा अधिकारही सरकारच्या हाती होता. अशा त्या अर्ध्या-मुर्ध्या अधिकाराच्या सभागृहाने हे केले. यावेळी वरिष्ठांनी तो अधिकार वापरून खाते वाचविले नाही. वातावरणच पालटले होते. ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ त्याच मार्च महिन्यात सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी येथे येऊन दाखल झाले होते. चालू असलेल्या घरातील दिवा कोणी विझवीत नाही. पण बिऱ्हाडच हलवावयाचे ठरले, म्हणजे तेल कोण घालणार?

खाते मोडले, माणसे पांगली, साहित्य हातावेगळे झाले. २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार आले आणि माहिती व नभोवाणी हे खाते सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. रेडिओ त्यांना मिळाला. चित्रपटाचे पथक मिळाले नाही, कारण ते उरलेच नव्हते. आणि मग उजाडला १५ ऑगस्ट १९४७. दिल्लीच्या त्या मध्यरात्रीचे आणि त्या दिवसाचे चित्रण करण्यास हिंदुस्थान सरकारजवळ स्वतःचे असे चित्रपट-पथक नव्हते. आज आपण त्या दिवसाची जी हलती चित्रे पाहतो, ती खासगी निर्मात्यांच्या आणि परदेशी वार्तापट-कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी घेतलेली आहेत. दीडशे वर्षांच्या राज्याचा शेवट आणि नव्या राष्ट्राचा जन्म, आणि घरात कॅमेरा नाही! एका रुपयाची खरी किंमत काय होती हे त्या रात्री कळले, असे म्हणणारे लोक आहेत.

मी त्यांच्या मताचा नाही. चित्रण व्हावयाचे ते झालेच. कोणी केले, एवढाच फरक. पण सरकारातील मंडळींच्या मनाला ही गोष्ट लागली असावी, हे स्वाभाविक आहे. फाळणीचे दंगे, निर्वासितांचे लोंढे, संस्थानांचे विलीनीकरण, अशा काळात नव्या सरकारला लोकांशी बोलण्याचे साधन हवेच होते. १९४८ च्या आरंभी मुंबईत नवे चित्रपटखाते उभे राहिले आणि त्याच वर्षी त्याला ‘फिल्म्स डिव्हिजन’ हे नाव मिळाले. पहिले मुख्य निर्माते मोहन भवनानी. पुढे १९५६ साली त्या जागेवर कोण यावे? एझरा मीर! ज्यांच्या खात्याला असेंब्लीने रुपया देऊन निरोप दिला होता, तेच गृहस्थ दहा वर्षांनी स्वतंत्र भारताच्या अनुबोधपटांचे प्रमुख झाले. याबद्दल मला त्यांना दोष द्यावयाचा नाही; काम येणारी माणसे थोडी असतात. पण माणसांबरोबर आणखी एक गोष्ट परत आली, आणि ती अशी सहज सोडून देण्यासारखी नाही. ती म्हणजे सक्ती. १९४९ पासून चित्रपटगृहांना सरकारी वार्तापट आणि अनुबोधपट दाखविणे पुन्हा बंधनकारक झाले, आणि भाडे मालकांनीच भरावयाचे, हेही तसेच राहिले. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात त्यासाठी कलम आले. भाड्याची कमाल मर्यादा कालांतराने निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा एक अशी स्थिरावली.

या शेकडा एकाचा जरा विचार करावा. खात्याचा खर्च अंदाजपत्रकातून मंजूर होत असे, हे खरे; पण त्याची मिळकत यावयाची ती तुमच्या-आमच्या तिकिटातून, आणि तीही आपण तो चित्रपट पाहिला की बाहेर उभे राहून विडी ओढली याची विचारपूस न करता. ज्या मालाला गिऱ्हाईक ठरलेले, त्याची गुणवत्ता राखण्याची कळकळ किती राहणार? माझ्या लहानपणी दिवे मालवल्यानंतर पडद्यावर प्रथम तो धीरगंभीर आवाज यावयाचा. मंत्री कोनशिला बसवीत आहेत, पूर ओसरला आहे, मंत्री हेलिकॉप्टरमधून पाहणी करीत आहेत. थिएटरमधली माणसे तोवर चिवडा संपवून घेत. ‘न्यूजरील लागली, अजून वेळ आहे’ हे वाक्य बाहेर चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू यावयाचे.

आणि तरीही, श्रोतेहो, त्याच खात्याने चांगले काम केले नाही असे मी म्हणालो तर तो कृतघ्नपणा होईल. देवी, मलेरिया, क्षय यांच्याविषयी खेड्यापाड्यांतील कित्येकांना पहिली शास्त्रीय माहिती त्या पडद्यावरूनच मिळाली. आदिवासींचे नृत्य, रागदारीचे गवई, लेण्यांतील शिल्पे, ही जतन झाली ती तेथेच. जाँ भावनगरी यांच्या प्रोत्साहनाने १९६० नंतरच्या काही वर्षांत त्या कचेरीत स्वातंत्र्याचे वारे शिरले होते. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ साली ‘आय ॲम ट्वेंटी’ हा लघुपट केला. त्यात १९४७ साली जन्मलेल्या, वीस वर्षांच्या तरुण-तरुणींना देशाविषयी काय वाटते ते त्यांच्याच तोंडून वदविले आहे. त्यांतील कित्येक उत्तरे सरकारला गोड लागण्यासारखी नाहीत. सरकारच्याच पैशाने, सरकारच्याच पडद्यावर! सुखदेव, प्रमोद पती, फली बिलिमोरिया हेही त्याच वाटेने गेले. बिलिमोरियांचा १९६८ चा ‘द हाउस दॅट आनंद बिल्ट’ ऑस्करच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला. जाहिरातीच्या पैशातून कला उगवते हा लंडनचा अनुभव मुंबईतही काही काळ आला.

मी शिक्षक असताना प्रसिद्धिखात्याची मोटार कधीमधी शाळेत येई. अंगणात चादर बांधून सोळा मिलिमीटरचे यंत्र लावीत. एकदा असाच एका धरणाचा चित्रपट लागला. पाणी अडले, वीज निघाली, शेते हिरवी झाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्यावर निबंध लिहावयास सांगितला. सातवीतल्या एका मुलाची वही कोरीच. विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, आमचं गाव त्याच पाण्याखाली आहे. पिक्चरमध्ये ते कुठं दाखवलं नाही.” मी त्याला गुण किती दिले ते आता आठवत नाही. चित्रपटात एक शब्द खोटा नव्हता, हे मात्र आजही म्हणेन. धरण खरे होते, वीज खरी होती. त्या मुलाचे गाव तेवढे बावीस मिनिटांत बसले नव्हते.

साधन वाईट हाती गेले म्हणजे काय होते, याचा धडा १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळाने दिला. तोवर सरकारी जाहिरातींसाठी निराळे संचालनालय १९५५ पासून चालत आले होते. वृत्तपत्रांना जाहिराती देणे हे त्याचे काम, आणि जाहिरातींवर वृत्तपत्रांचे पोट. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली नव्या सरकारने प्रसारसाधनांच्या दुरुपयोगाविषयी श्वेतपत्रिका काढली. वृत्तपत्रांची अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशी वर्गवारी करून त्या मानाने जाहिराती देण्यात आल्या, असे तीत उघड झाले. सरकारी प्रसिद्धीचा खर्च हा नुसता बोलण्याचा खर्च नसतो, दुसऱ्याला गप्प बसविण्याचाही असू शकतो, हे तेव्हा अधिकृतपणे छापले गेले.

पुढच्या हकीकती न्यायालयांच्या आहेत. चित्रपटगृहांवरील सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली वैध ठरविली. जाणकार नागरिक घडविण्यास असे चित्रपट साह्य करतात आणि शेकडा एक भाडे वाजवी आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णयाचा मान राखून मी एवढेच म्हणेन की, न्यायमूर्तींनी ते वार्तापट नियमाने पाहिले असते तर त्यांनाही मध्यंतराची आठवण झाली असती. दुसरा निर्णय १३ मे २०१५ चा. सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्यावाचून इतर कोणाचे छायाचित्र छापू नये, असे न्यायालयाने सांगितले. दहा महिन्यांनी, मार्च २०१६ मध्ये, राज्य सरकारांच्या विनंतीवरून मुख्यमंत्री, राज्यपाल आणि खात्याचे मंत्री यांनाही चौकटीत जागा मिळाली. वर्तमानपत्राचे पहिले पान चाळताना श्रोत्यांना या सवलतीचा लाभ कसा घेतला जातो ते दिसतेच आहे.

हे सर्व मी नभोवाणीवरून बोलत आहे, यातील गंमत माझ्याही ध्यानात आहे. प्रसार भारती १९९७ पासून कायद्याने स्वायत्त आहे, पण तिचा खर्च मुख्यत्वे सरकारी अनुदानातूनच चालतो. म्हणजे मला मिळणारे मानधनही अखेर त्याच तिजोरीतले. सरकारने बोलूच नये असे म्हणणारा मनुष्य आधी पुराची सूचना, लसीची तारीख आणि परीक्षेचा निकाल ऐकण्याचे सोडील काय? सरकारने बोलावे. किती बोलला, कोणाविषयी बोलला आणि किती पैसे लागले, हे विचारणारा मात्र समोर असावा.

१९४६ साली तो होता, आणि हीच त्या रुपयातील मोलाची गोष्ट मला वाटते. आज लोकसभेला सरकार पाडण्याचे सामर्थ्य आहे, आणि नेमके त्यामुळेच कोणत्याही खात्याची मागणी एका रुपयावर येणे जवळजवळ अशक्य झाले आहे. कपातसूचना मंजूर झाली तर तो मंत्रिमंडळावरील अविश्वास समजला जावयाचा. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्या सभासदाची जागाच जावयाची. शिवाय चर्चेचे ठरलेले दिवस संपले की उरलेल्या पुष्कळ खात्यांच्या मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेवाचून एकत्र मतास टाकतात. संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात, आणि फ्रान्सच्या इतिहासाप्रमाणे येथेही ते चटकन काम उरकते. अधिकार नसलेल्या सभागृहाने जे केले, ते अधिकार असलेल्या सभागृहाला करता येत नाही.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. मुंबईत पेडर रोडवर त्याच्या आवारातील गुलशन महाल या जुन्या वाड्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. सवड झाल्यास मुलांना घेऊन अवश्य पाहून यावे. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत, २०९ व्या नियमाखाली, कपातसूचनांचे तिन्ही प्रकार अजूनही छापलेले आहेत. त्यांतील पहिला एका रुपयाचा आहे.